संगणकातील जलशीतन परिपथाचा घटकक्रम

संगणकातील जलशीतन परिपथाचा घटकक्रम म्हणजे वैयक्तिक संगणकासाठी सुटे भाग जुळवून तयार केलेल्या जलशीतन यंत्रणेत टाकी, पंप, वॉटर ब्लॉक व रेडिएटर हे घटक नळ्यांनी ज्या क्रमाने जोडले जातात तो क्रम होय. या परिपथात शीतक द्रव सतत फिरत राहतो. तो प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांची उष्णता घेतो आणि रेडिएटरमार्फत ती खोलीतील हवेत सोडतो. प्रत्येक भागाचे तापमान प्रामुख्याने घटकांच्या क्रमावर अवलंबून असते, अशी समजूत प्रचलित आहे. प्रत्यक्षात नेहमीच्या प्रवाहदराला क्रम बदलल्यामुळे पडणारा फरक बहुधा एक-दोन अंश सेल्सियसच्या आतच राहतो. क्रमाबाबतचा अनिवार्य नियम एकच आहे: द्रव टाकीतून थेट पंपात यावा आणि टाकी पंपापेक्षा खाली नसावी. उरलेला क्रम नळ्यांची लांबी, वळणे, हवा बाहेर काढण्याची सोय आणि द्रव भरण्या-काढण्याची सुलभता यांवरून ठरवला जातो.

पार्श्वभूमी

संगणक थंड ठेवण्यासाठी द्रवाचा वापर वैयक्तिक संगणकांच्या आधीपासून होत आला आहे. आयबीएम कंपनीने १९८० मध्ये जाहीर केलेल्या आयबीएम ३०८१ या मोठ्या संगणकात चिपांची उष्णता पाण्याने थंड ठेवलेल्या धातूच्या पट्टाकडे वाहून नेली जात असे. १९८५ मधील क्रे-२ या महासंगणकाचे इलेक्ट्रॉनिक भाग विद्युतरोधक द्रवात पूर्णपणे बुडवलेले होते. भारतातही राष्ट्रीय महासंगणन अभियानाअंतर्गत पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत बसवलेल्या परम ब्रह्म या महासंगणकात थेट संपर्क द्रवशीतन पद्धती वापरली आहे.

घरगुती संगणकांमध्ये ही पद्धत १९९० च्या दशकाच्या अखेरीस हौशी जुळणीकारांनी रुजवली. प्रोसेसर ठरवून दिलेल्या गतीपेक्षा अधिक वेगाने चालवला की वाढणारी उष्णता हवेच्या पंख्यांना आवरत नसे. त्या काळी मोटारगाडीच्या हीटरमधील छोटे रेडिएटर, मत्स्यालयातील पंप आणि घरीच कोरलेले तांब्याचे ठोकळे वापरले जात. पुढे या कामासाठी खास घटक बाजारात आले. कारखान्यातच द्रव भरून बंद केलेल्या तयार यंत्रणाही उपलब्ध झाल्या. अशा तयार यंत्रणेत घटकांचा क्रम उत्पादकाने ठरवलेला असतो. सुटे घटक घेऊन जुळणी करणाऱ्याला मात्र तो क्रम स्वतः आखावा लागतो.

परिपथाचे घटक

* वॉटर ब्लॉक: प्रोसेसर किंवा ग्राफिक्स चिपवर घट्ट बसवला जाणारा, बहुधा तांब्याचा किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याचा ठोकळा. त्याच्या आत अतिशय बारीक खाचा असतात. त्या खाचांतून वाहताना द्रव उष्णता घेतो.
* रेडिएटर: पातळ पत्र्यांच्या जाळीतून जाणाऱ्या चपट्या नलिकांचा संच. त्यावर बसवलेले पंखे जाळीतून हवा नेतात. रेडिएटरचे आकार पंख्यांच्या मापावरून ओळखले जातात. १२० मिलिमीटरच्या तीन पंख्यांसाठीचा रेडिएटर ३६० मिलिमीटरचा, तर १४० मिलिमीटरच्या दोन पंख्यांसाठीचा २८० मिलिमीटरचा म्हटला जातो.
* पंप: द्रव फिरवणारा छोटा केंद्रोत्सारी पंप. लेइंग कंपनीच्या रचनेवर आधारित डी-५ आणि डीडीसी हे दोन प्रकार हौशी जुळणीत विशेष प्रचलित आहेत.
* टाकी: जादा द्रव साठवणारे भांडे. परिपथातील हवेचे बुडबुडे येथे वेगळे होऊन वर जमतात आणि द्रव भरण्याची सोयही येथेच असते. अनेकदा टाकी व पंप एकाच जोड-घटकात मिळतात.
* नळ्या: मऊ रबरी किंवा प्लास्टिकच्या लवचीक नळ्या, अथवा अॅक्रिलिक व पीईटीजी या प्लास्टिकच्या कडक नळ्या. कडक नळ्या तापवून वाकवाव्या लागतात.
* जोडण्या: नळी घटकाला जोडणारे धातूचे तुकडे, म्हणजे फिटिंग. बहुतेक घटकांवर जी १/४ या मानक मापाचे आटे असल्यामुळे निरनिराळ्या उत्पादकांचे भाग एकमेकांना जोडता येतात.

परिपथातील द्रवाच्या संपर्कात येणारे धातू परस्परांशी सुसंगत असणे आवश्यक असते. तांबे व पितळ असलेल्या परिपथात अॅल्युमिनियमचा घटक आला, तर विद्युतरासायनिक क्रियेमुळे अॅल्युमिनियम गंजू लागते. हा दोष कोणत्याही क्रमाने टळत नाही, कारण सर्व घटकांतून एकच द्रव फिरत असतो.

उष्णतेचा हिशेब

घटकक्रमाचा तापमानावर किती परिणाम होतो हे पाण्याच्या विशिष्ट उष्म्यावरून काढता येते. एक लिटर पाण्याचे तापमान १ °से. ने वाढवण्यासाठी सुमारे ४,१८६ ज्यूल उष्णता लागते. म्हणून मिनिटाला एक लिटर या दराने वाहणाऱ्या पाण्याचे तापमान १ °से. ने वाढण्यासाठी त्याला सुमारे ७० वॅट उष्णता मिळावी लागते. यावरून पुढील सूत्र मिळते:

तापमानातील वाढ (°से.) = उष्णता (वॅट) ÷ [७० × प्रवाहदर (लिटर प्रति मिनिट)]

समजा, एका संगणकात प्रोसेसर १५० वॅट आणि ग्राफिक्स कार्ड ३०० वॅट उष्णता द्रवाला देतात. या दोन ठोकळ्यांतून जाताना द्रवाच्या तापमानात होणारी वाढ पुढीलप्रमाणे असते:

* प्रवाहदर १ लिटर प्रति मिनिट: प्रोसेसरमध्ये २.१ °से., ग्राफिक्स कार्डमध्ये ४.३ °से., एकूण ६.४ °से.
* प्रवाहदर २ लिटर प्रति मिनिट: प्रोसेसरमध्ये १.१ °से., ग्राफिक्स कार्डमध्ये २.१ °से., एकूण ३.२ °से.
* प्रवाहदर ४ लिटर प्रति मिनिट: प्रोसेसरमध्ये ०.५ °से., ग्राफिक्स कार्डमध्ये १.१ °से., एकूण १.६ °से.

यावरून दिसते की मिनिटाला ४ लिटर प्रवाह असलेल्या परिपथात सर्वांत थंड व सर्वांत उष्ण बिंदूंमधील फरक दोन अंशांहून कमी असतो. परिपथात एकूण ७०० मिलिलिटर द्रव असेल, तर या दराने त्याची एक फेरी सुमारे साडेदहा सेकंदांत पूर्ण होते. संगणकावर भार आल्यानंतर काही काळाने यंत्रणा स्थिर अवस्थेत पोहोचते. त्यानंतर ठोकळ्यांतून द्रवात जितकी उष्णता येते तितकीच रेडिएटरमधून बाहेर पडते आणि परिपथातील प्रत्येक बिंदूचे तापमान जवळपास कायम राहते.

प्रतिबंधक रसायने किंवा ग्लायकोल मिसळलेल्या द्रवाचा विशिष्ट उष्मा शुद्ध पाण्यापेक्षा काहीसा कमी असतो. त्यामुळे वरील आकडे थोडे वाढतात, पण निष्कर्ष बदलत नाही.

क्रमाचा तापमानावरील परिणाम

वरच्याच उदाहरणात द्रव रेडिएटरमधून निघून आधी प्रोसेसरकडे आणि मग ग्राफिक्स कार्डाकडे जातो असे मानले, तर प्रोसेसरला सर्वांत थंड द्रव मिळतो आणि ग्राफिक्स कार्डाला त्याहून ०.५ °से. उष्ण द्रव मिळतो. क्रम उलटा केला, तर ग्राफिक्स कार्डाला सर्वांत थंड द्रव मिळतो आणि प्रोसेसरला १.१ °से. उष्ण. दोन्ही रचनांत एकूण उष्णता व प्रवाहदर सारखेच असल्याने रेडिएटरमध्ये शिरणाऱ्या आणि त्यातून निघणाऱ्या द्रवाचे तापमान बदलत नाही. म्हणजे क्रम उलटा केल्याने प्रोसेसरचे तापमान साधारण एक अंशाने वाढते आणि ग्राफिक्स कार्डाचे अर्ध्या अंशाने कमी होते.

चिपचे अंतिम तापमान तीन टप्प्यांच्या बेरजेतून ठरते: खोलीतील हवेचे तापमान, हवेपेक्षा द्रव किती उष्ण आहे तो फरक, आणि द्रवापेक्षा चिप किती उष्ण आहे तो फरक. यांपैकी दुसरा टप्पा रेडिएटरचे क्षेत्रफळ व पंख्यांचा वेग यांवर अवलंबून असतो. तिसरा टप्पा ठोकळ्याची रचना, चिप व ठोकळा यांच्यामधील उष्णतावाहक लेप आणि ठोकळा किती नीट बसवला आहे यांवर ठरतो. पूर्ण भाराखाली हा तिसरा टप्पा अनेकदा कित्येक दशांशांचा नव्हे, तर दहा-वीस किंवा त्याहून अधिक अंशांचा असतो. लेप असमान पसरल्यामुळे होणारे नुकसान क्रम बदलून मिळणाऱ्या लाभाच्या अनेक पट असू शकते.

प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांच्यामध्ये दुसरा रेडिएटर ठेवण्याची पद्धतही प्रचलित आहे. त्यामुळे दुसऱ्या ठोकळ्याला मिळणारा द्रव थोडा थंड होतो, हे खरे आहे. परंतु तेच दोन रेडिएटर एकापाठोपाठ एक जोडले तरी बाहेर टाकल्या जाणाऱ्या उष्णतेत लक्षणीय बदल होत नाही. फरक पुन्हा अंशाच्या घरातच राहतो. या रचनेसाठी नळ्या लांबवाव्या लागल्या आणि जोडण्या वाढल्या, तर गळतीची शक्यता मात्र वाढते.

टाकी आणि पंप

परिपथातील एकमेव अनिवार्य क्रम टाकी व पंप यांचा आहे. टाकीचे निर्गमद्वार पंपाच्या आगमद्वाराला शक्य तितक्या जवळून जोडावे आणि टाकी पंपाच्या वर किंवा किमान त्याच पातळीवर असावी. या नियमामागे केंद्रोत्सारी पंपाचे कार्य आहे.

केंद्रोत्सारी पंपातील फिरते चक्र द्रवाला वेग देऊन दाब निर्माण करते. हा दाब पंपात असलेल्या पदार्थाच्या घनतेच्या प्रमाणात असतो. हवेची घनता पाण्याच्या सुमारे आठशेव्या भागाइतकी असते. त्यामुळे ४ मीटर उंचीपर्यंत पाणी चढवू शकणारा पंप हवेने भरलेला असेल, तर त्याचा दाब जेमतेम ५ मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका भरतो. म्हणजेच असा पंप खालच्या टाकीतून पाणी ओढून घेऊ शकत नाही. तो आधीच द्रवाने भरलेला असावा लागतो. टाकी वर असेल, तर गुरुत्वाकर्षणाने द्रव आपोआप पंपात उतरतो.

दुसरे कारण पंपाच्या आयुष्याशी निगडित आहे. या पंपांतील फिरता भाग द्रवातच बुडालेला असतो आणि द्रवच त्याचे वंगण व शीतन करतो. पंप कोरडा चालला, तर धारवा घासला जातो आणि थोड्या वेळात पंप निकामी होऊ शकतो. परिपथ पहिल्यांदा भरताना टाकीतील द्रव झपाट्याने नळ्यांत ओढला जातो. त्या क्षणी टाकी रिकामी होऊन पंपात हवा शिरण्याचा धोका सर्वाधिक असतो. पंप बंद पडल्यास ठोकळ्यांतील द्रव साचून राहतो व चिपांचे तापमान वेगाने वाढते. आधुनिक प्रोसेसर अशा वेळी आपला वेग घटवतात किंवा संगणक बंद करतात, तरी पंपाची हानी भरून येत नाही.

उंची आणि हवा

परिपथ पूर्ण भरल्यानंतर रेडिएटर किती उंचावर आहे याचा पंपावर फारसा भार पडत नाही. वर चढणाऱ्या नळीतील द्रवाचे वजन खाली उतरणाऱ्या नळीतील द्रवाच्या वजनाने तोलले जाते. पंपाला केवळ घर्षणाचा रोध ओलांडावा लागतो. पहिल्यांदा भरताना मात्र सर्वोच्च बिंदूपर्यंत द्रव चढवण्याइतकी ताकद पंपात असावी लागते.

उंचीचा खरा संबंध हवेशी आहे. हवेचे बुडबुडे परिपथाच्या उंच भागात जमतात. म्हणून टाकीतील द्रवाची पातळी शक्यतो परिपथातील सर्वोच्च बिंदूजवळ असावी. रेडिएटर टाकीच्या वर बसवावा लागला, तर भरताना पेटी हळूहळू तिरकी करून अडकलेली हवा टाकीकडे आणावी लागते. याच कारणाने पंप परिपथातील सर्वांत उंच घटक नसावा. प्रोसेसरवरील ठोकळ्यातच पंप असलेल्या तयार यंत्रणांनाही हे लागू पडते. अशा यंत्रणेत रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच असेल, तर हवा रेडिएटरमध्ये जमते आणि पंपापासून दूर राहते.

टाकीत परतणारा द्रव वरून धारेने पडू दिल्यास बुडबुडे तयार होऊन पुन्हा पंपाकडे जातात. म्हणून परतीचे तोंड द्रवाच्या पातळीखाली ठेवले जाते.

हवेच्या प्रवाहाचा क्रम

द्रवाचा क्रम गौण असला, तरी रेडिएटरमधून जाणाऱ्या हवेचा क्रम महत्त्वाचा असतो. समान आकारमानाच्या हवेची उष्णता सामावण्याची क्षमता पाण्याच्या सुमारे साडेतीन हजाराव्या भागाइतकीच असते. समजा, एका रेडिएटरमधून तासाला १५० घनमीटर हवा जाते आणि तो ३०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. त्या हवेचे तापमान सुमारे ६ °से. ने वाढते. इतकीच उष्णता मिनिटाला ४ लिटर वाहणाऱ्या पाण्याचे तापमान केवळ १.१ °से. ने वाढवते.

म्हणून पुढच्या रेडिएटरमधून पेटीत आलेली उष्ण हवाच वरच्या रेडिएटरमधून बाहेर जात असेल, तर वरच्या रेडिएटरची कार्यक्षमता घटते. दोन्ही रेडिएटरना बाहेरची ताजी हवा देणे, किंवा पेटीच्या मागील बाजूने उष्ण हवा काढून टाकण्यासाठी वेगळा पंखा लावणे, हे उपाय नळ्यांचा क्रम बदलण्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरतात.

रेडिएटर द्रवाला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीचे तापमान ३५ °से. असेल आणि पूर्ण भाराला द्रव हवेपेक्षा १० °से. ने उष्ण राहत असेल, तर द्रव ४५ °से. पर्यंत पोहोचतो. उन्हाळा तीव्र असलेल्या प्रदेशांत रेडिएटरचे क्षेत्रफळ ठरवताना हिवाळ्यातील नव्हे, तर उन्हाळ्यातील खोलीचे तापमान गृहीत धरावे लागते. पंप, नळ्या व जोडण्यांमधील रबरी कडी यांना उत्पादकांनी कमाल तापमानाची मर्यादा घालून दिलेली असते. द्रवाचे तापमान त्या मर्यादेच्या पुरेसे खाली राहणे आवश्यक असते.

एकसर आणि समांतर जोडणी

बहुतेक परिपथांत घटक एकसर जोडलेले असतात. म्हणजे सर्व द्रव प्रत्येक घटकातून जातो. अशा परिपथात प्रवाहदर सर्वत्र समान असतो. त्यामुळे प्रवाहमापक कोठेही बसवला तरी तेच मूल्य दाखवतो.

समांतर जोडणीत प्रवाह दोन किंवा अधिक शाखांत विभागला जातो. एकाच संगणकात दोन सारखी ग्राफिक्स कार्डे असल्यास ही रचना सोयीची असते. दोन्ही कार्डांना सारख्याच तापमानाचा द्रव मिळतो आणि परिपथाचा एकूण रोध कमी होतो. मात्र शाखांचा रोध असमान असेल, तर कमी रोधाच्या शाखेतून अधिक द्रव जातो. म्हणून बारीक खाचांचा प्रोसेसर ब्लॉक आणि रुंद मार्गाचा दुसरा ब्लॉक यांना परस्परांशी समांतर जोडणे सामान्यतः टाळले जाते.

प्रवाहाची दिशा ठरलेले घटक

क्रम मोकळा असला तरी काही घटकांमधून द्रव कोणत्या दिशेने जावा हे ठरलेले असते. पंपाचे आगमद्वार व निर्गमद्वार निश्चित असते. ते उलट जोडल्यास पंप योग्य रीतीने काम करत नाही. अनेक प्रोसेसर ब्लॉकमध्ये द्रव एका चिरेतून थेट खाचांच्या मध्यावर सोडला जातो व तेथून दोन्ही बाजूंना पसरतो. अशा ब्लॉकची दिशा उलट केल्यास प्रोसेसरचे तापमान काही अंशांनी वाढू शकते. हा फरक घटकक्रमामुळे पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. बहुसंख्य रेडिएटर आणि अनेक ग्राफिक्स कार्ड ब्लॉक मात्र दोन्ही दिशांना सारखेच काम करतात. निश्चित माहितीसाठी त्या त्या घटकाच्या माहितीपुस्तिकेचा आधार घेतला जातो.

परिपथात गाळणी वापरायची असेल, तर ती प्रोसेसर ब्लॉकच्या आधी बसवतात. रेडिएटरमध्ये निर्मितीच्या वेळी राहिलेले कण बारीक खाचांत अडकण्याची शक्यता असते. म्हणून नवे रेडिएटर जोडण्यापूर्वी आतून धुऊन घेतले जातात. पंपाच्या आगमद्वाराच्या बाजूला गाळणी सहसा बसवली जात नाही, कारण ती तुंबल्यास पंपाला द्रव अपुरा मिळतो.

आखणीची पद्धत

परिपथाची आखणी सामान्यतः पुढील टप्प्यांनी केली जाते:

१. पेटीत रेडिएटर कोठे मावतात हे आधी ठरवले जाते. रेडिएटरची जाडी, पंख्यांची जाडी, मेमरीच्या पट्ट्यांची उंची आणि ग्राफिक्स कार्डाची लांबी यांची मापे जुळवून पाहिली जातात.

२. पंप व टाकीची जागा निश्चित केली जाते. टाकी पंपाच्या वर येईल आणि तिचे भरण्याचे तोंड सहज हाती लागेल अशी जागा निवडतात.

३. प्रत्येक घटकाच्या दोन्ही द्वारांच्या जागा कागदावर काढल्या जातात आणि दिशा ठरलेल्या द्वारांवर बाणाची खूण केली जाते.

४. पंपाच्या निर्गमद्वारापासून सर्वांत जवळच्या द्वारापर्यंत रेघ ओढली जाते. तेथून पुढच्या जवळच्या घटकाकडे जात अखेरीस टाकीपर्यंत परत येतात. एकमेकांना छेदणाऱ्या रेघा व तीव्र वळणे टाळणारा मार्ग निवडला जातो.

५. सर्वांत खालच्या बिंदूजवळ तिहेरी जोडणी व झडप बसवून द्रव काढण्याची सोय केली जाते.

६. तापमान संवेदकाची जागा ठरवली जाते. रेडिएटरनंतर व त्यापूर्वी मिळणाऱ्या वाचनांत एक-दोन अंशांचाच फरक असल्याने ही जागा सोयीनुसार निवडता येते. मात्र वाचनांची तुलना करताना ती जागा लक्षात ठेवावी लागते.

उदाहरणादाखल, एका मध्यम आकाराच्या पेटीत वरच्या बाजूला ३६० मिलिमीटरचा रेडिएटर आणि पुढच्या बाजूला पंपासह टाकी आहे असे मानता येईल. पंप खाली असल्याने त्याच्या निर्गमद्वाराला ग्राफिक्स कार्ड सर्वांत जवळ पडते. ग्राफिक्स कार्डाच्या वर प्रोसेसर असतो व त्याच्या वर रेडिएटर. म्हणून टाकी, पंप, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, रेडिएटर आणि पुन्हा टाकी हा क्रम स्वाभाविक ठरतो. यात चारच लहान नळ्या लागतात. प्रोसेसरला थेट रेडिएटरमधला द्रव मिळावा म्हणून क्रम बदलला, तर दोन नळ्या पेटीभर आडव्या न्याव्या लागतात. त्यातून मिळणारा लाभ वरील हिशेबानुसार सुमारे एक अंशाचा असतो.

भरणे, चाचणी आणि रिकामे करणे

परिपथ भरताना संगणकाच्या इतर भागांचा वीजपुरवठा तोडून फक्त पंपाला वीज दिली जाते. टाकी भरून पंप काही सेकंद चालवायचा, पातळी खाली जाताच तो थांबवायचा आणि टाकी पुन्हा भरायची, अशी क्रिया पातळी स्थिर होईपर्यंत करतात. पंपात कोणत्याही क्षणी हवा शिरणार नाही याची काळजी या टप्प्यात सर्वांत महत्त्वाची असते.

द्रव भरण्यापूर्वी हातपंपाने परिपथात मर्यादित हवेचा दाब निर्माण करून दाबमापकाचा काटा स्थिर राहतो का हे पाहिले जाते. दाब घटत असल्यास जोडणी सैल आहे किंवा रबरी कडी सरकली आहे असे समजते आणि विद्युत भागांवर द्रव न सांडता दोष सापडतो. द्रव भरल्यानंतर जोडण्यांखाली टिपकागद ठेवून काही तास केवळ पंप चालवण्याचीही पद्धत आहे. उलट दिशेला वळलेल्या किंवा ताणलेल्या नळ्या जोडण्यांवर सतत जोर देतात. म्हणून गळतीच्या दृष्टीने छोटा व सरळ मार्ग सर्वांत सुरक्षित असतो.

द्रव ठरावीक काळाने बदलावा लागतो. खालच्या बिंदूवर झडप नसल्यास त्यासाठी संपूर्ण संगणक उलटा-तिरका करावा लागतो. द्रव खाली उतरण्यासाठी वरून हवा आत जाणे आवश्यक असल्याने झडप उघडताना टाकीचे झाकणही उघडले जाते.

प्रचलित गैरसमज

* द्रव हळू वाहिला तर अधिक उष्णता घेतो: हळू वाहणारा द्रव ठोकळ्यात अधिक वेळ राहतो आणि अधिक तापतो, हे खरे असले तरी त्यामुळे चिप थंड होत नाही. प्रवाह कमी केल्यास ठोकळ्यातील द्रवाचे सरासरी तापमान वाढते आणि धातूकडून द्रवाकडे होणारे उष्णतेचे संक्रमण मंदावते. प्रवाह वाढवल्याने चिपचे तापमान घटते. मात्र एका मर्यादेनंतर हा लाभ नगण्य होतो.
* पंपानंतर लगेच रेडिएटर हवा: पंपाची स्वतःची उष्णता चिपांच्या मानाने अल्प असते. ती द्रवात मिसळल्याने तापमानात जाणवण्याजोगा फरक पडत नाही.
* रेडिएटरनंतर लगेच टाकी नको: टाकीतील द्रव सतत बदलत असल्याने तेथे उष्णता साचून राहत नाही.

क्रम महत्त्वाचा ठरणारे अपवाद

प्रवाहदर मिनिटाला एक लिटरपेक्षाही बराच कमी असेल आणि उष्णता जास्त असेल, तर घटकांमधील तापमानाचा फरक अनेक अंशांचा होतो आणि क्रमाला महत्त्व येते. अशा वेळी क्रम बदलण्यापेक्षा प्रवाह कमी होण्याचे कारण शोधणे अधिक हितावह असते. तुंबलेला ब्लॉक, दुमडलेली नळी, अडकलेली हवा किंवा फारच कमी वेगाने चालणारा पंप ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

द्रवाला खोलीच्या तापमानाखाली नेणारे शीतयंत्र परिपथात असेल, तर द्रव त्यातून निघाल्यावर कोणत्या घटकाकडे आधी जातो आणि थंड नळ्यांवर दव कोठे साचते याचा विचार करावा लागतो. सामान्य रेडिएटर असलेल्या परिपथात हा प्रश्न उद्भवत नाही.

हेही पाहा

* विशिष्ट उष्मा
* केंद्रोत्सारी पंप
* उष्णता विनिमयक
* महासंगणक